हिला भविष्य आहे

समस्त पुणेकरांस, आणि पुण्याबाहेर राहण्याची वेळ आलेल्या इतर सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आजपासून तीस-चाळीस वर्षांनी कुठल्या मोटारी अमूल्य ठरतील याचा निकाल लागलेला आहे. हा निकाल वारज्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून देण्यात आला. न्यायाधीश एकच होते, अपिलाची सोय नव्हती, आणि निकालपत्र म्हणून आपापल्या गाडीच्या वायपरखाली पाठकोऱ्या कागदाची एक चिठ्ठी मिळत असे. ज्यांनी त्या चिठ्ठ्या चुरगाळून फेकल्या त्यांच्या नातवंडांची मला आत्तापासून कीव येते.

हे न्यायाधीश म्हणजे आमचे घरमालक. सबंध सोसायटी त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे.

मी त्यांच्याकडे जागा बघायला गेले तेव्हा पस्तिशीची होते आणि एकटी होते. पुण्यात जागा शोधणाऱ्या एकट्या बाईला काय काय विचारतात ते मला माहीत होतं, आणि सगळी उत्तरं मी जिन्यातच घोकून ठेवली होती. काकांनी त्यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं.

"ती लाल आपली?"

"हो."

"काचा हाताने खाली होतात?"

"हो. जुनीच आहे जरा."

"जुनी नाही. शेवटची आहे. त्यानंतर त्यांनी बटणं दिली." मग आत वळून म्हणाले, "अगं, यांना जागा द्यायची."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "माणूस कसं आहे ते विचारलंत का?"

"व्हीलकॅप चारही जागेवर आहेत. माणूस नीटच असणार."

अशी मला जागा मिळाली, आणि नऊ वर्षं ती माझ्याकडे राहिली.

काका विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करायचे. गाडी ठोकली की हे जाणार, काय मोडलं, काय वाचलं, काय जुनंच होतं आणि मालक नवं म्हणून खपवतोय, ते लिहून देणार. तीस वर्षं त्यांनी चेपलेल्या गाड्या पाहिल्या, आणि त्यातून एक विलक्षण शास्त्र त्यांच्या हाती लागलं. निवृत्त झाल्यावर ते शास्त्र त्यांनी आमच्यावर सोडलं. खिशात छोटा टॉर्च असायचा. तो ते गाडीच्या पत्र्यावर तिरपा धरत, आणि तुमच्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या दारावर त्यांना दुसऱ्यांदा मारलेला रंग दिसायचा. मग मधल्या बोटाच्या पेराने दोन टिचक्या. पत्रा टणटणीत वाजला तर मान हलायची. बद्द वाजला तर "आत पुट्टी आहे" असं म्हणताना ते एखाद्या घरचं गुपित कळल्यासारखा चेहरा करत.

एका लग्नात तर झेंडूच्या माळा बाजूला सारून त्यांनी नवरदेवाच्या गाडीवर टिचक्या मारल्या. गाडीचे मालक, म्हणजे नवरदेवाचे मामा, नुकतेच चारचौघांत सांगत होते की पाच वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. काका सरळ उभे राहिले आणि सनईच्या वरच्या पट्टीत म्हणाले, "मागचा उजवा दरवाजा पूर्ण बदललाय. आणि ज्याने बसवला त्याला घाई होती." मामांचा फेटा जागच्या जागी ढिला झाला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, अक्षता टाका आणि जेवायला चला."

'ओरिजनल' हा त्यांचा एकच निकष होता. शेजारच्या तळमजल्यावरचे गृहस्थ गुडघा बदलून आले तेव्हा भेटायला गेलेल्या काकांनी त्यांच्या पायाकडे पाहून हळहळत सांगितलं, "उत्तम काम झालंय. पण आता तुम्ही ओरिजनल राहिला नाहीत." पुढे स्वतःचा मोतीबिंदू काढायची वेळ आली तेव्हा चार दिवस ते घुमे होते. का, विचारलं तर म्हणाले, "माझी किंमत पडली."

आता त्यांचा सिद्धांत सांगते. महागड्या गाड्यांना भविष्य असतं हा त्यांच्या मते अडाण्यांचा समज. "महाग गाडी पहिल्या दिवसापासून सगळेच जपतात. तीस वर्षांनी गोदामं भरून निघतील. दुर्मीळ कोण होणार? जिला कोणी मोजलंच नाही ती." नॅनो दिसली की ते उठून उभे राहत. "हिला लोक हसले. ज्याला हसतात ते कोणी जपत नाही. सगळ्या संपल्या की हेच लोक रडत शोधायला निघतील." क्वालिसबद्दल बोलताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. "सगळ्यांनी भाड्याला लावल्या हो. पांढऱ्या पाटीची, घरगुती वापरलेली एखादी दिसली तर मला कळवा. कुठेही असेन तिथून येईन."

वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने विजेवरची गाडी घेतली, तेव्हा काका तीन दिवस तिच्याभोवती फिरले. पहिली चिठ्ठी आली: 'ही गाडी नसून चाके लावलेला टीव्ही आहे.' आठवड्याने दुसरी आली: 'पुनर्विचारांती. पहिल्या खेपेतली आहे. पहिल्या खेपेतली वस्तू चुकांसकट ठेवावी. हिला भविष्य आहे, बॅटरीला नाही. कळावे.'

माझ्या लाल गाडीच्या वायपरखालीही एक चिठ्ठी होती. पाचच शब्द. 'हिला भविष्य आहे. विकू नये.' मी हसले, चुरगाळली, टाकून दिली. आणि पाचव्या वर्षी, रोजच्या कोंडीत क्लच दाबून डावा पाय दुखतो म्हणून, गाडी दिली आणि बिनक्लचची नवी घेतली. काकांना न सांगता. ते तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात जिन्यात भेटले आणि हवापाणी सांगावं तसं म्हणाले, "तुमची लाल काल वारज्याच्या चौकात दिसली. पुढचा बंपर दुसरा बसवलाय. बाकी बरी आहे."

तेव्हापासून ते मला तिची खुशाली सांगत. इथल्याच एका कॉलेजबाहेर उभी होती. डाव्या आरशाला दोरी बांधलीये. एका म्हाताऱ्या बाईंना त्यातून उतरताना पाहिलं, काच हाताने वर करूनच उतरल्या. एवढ्या मोठ्या शहरात ती नेमकी यांनाच कशी दिसायची, देव जाणे. मला एकदाही दिसली नाही. आता खुशाली सांगायलाही कोणी नाही, आणि सिग्नलला कुठेही लाल काही दिसलं की मी मान वळवते.

पण हे सगळं पाल्हाळ झालं. खरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या गाडीची.

ती टाकीशेजारी दोन चादरींखाली उभी असे. मातकट सोनेरी रंगाची, चार दारांची, मागे डिकी असलेली. नाव सांगत नाही. ज्यांच्याकडे असेल ते उगाच भाव वाढवतील. निवृत्तीला थोडी वर्षं असताना काकांनी ती शोरूममधून नवी घेतली. शोरूमवाल्याने चाकाखाली लिंबू आणि हातात नारळ दिला तेव्हा "आमच्यात हे नसतं" म्हणून काकांनी दोन्ही परत केलं, आणि काकूंनी "अहो, चटणीला होईल की" म्हणून नारळ तेवढा ठेवून घेतला. त्या दिवशी काकू मागे बसल्या, पायाखाली वर्तमानपत्र अंथरून. शोरूम ते वारजे. तो त्यांचा त्या गाडीतला पहिला प्रवास, आणि मी राहायला गेले तोवरचा शेवटचाही.

कारण काकांनी ठरवलं होतं की ही गाडी ठेवायची. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. दुसरी किल्ली पाकिटातून काढायची नाही. आणि मुख्य म्हणजे किलोमीटर वाढू द्यायचे नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चादरी निघत, इंजिन दहा मिनिटं चाले, गाडी दोन फूट पुढे येई आणि दोन फूट मागे जाई. पंधरा वर्षांत मीटरवर चारशे अकरा किलोमीटर झाले होते, आणि त्यातले बरेचसे धुराच्या तपासणीला जाण्यायेण्यात गेले म्हणून काका अजून चुटपुटत.

काकूंची बहीण वाघोलीला. बहिणीला संधिवात, तिला बाहेर पडवत नाही. म्हणून दर गुरुवारी काकू निघत. वारजे ते स्वारगेट एक बस, स्वारगेट ते वाघोली दुसरी. हातात डब्याची पिशवी. पार्किंगमधून जाताना चादरींकडे बघून म्हणत, "आमच्या घरात दोघींना मान. एक झाकून ठेवलेली, एक बसला लटकलेली."

"अगं, पुढच्यांना दाखवायला काहीतरी नको?" काका म्हणत.

"पुढचे कोण? आपली लेक ऑस्ट्रेलियात सायकल चालवते."

मी एकदा धीर करून काकांना विचारलं, एवढं का? ते टॉर्च उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "माझे वडील एका साहेबांचे ड्रायव्हर. तीस वर्षं दुसऱ्याची गाडी पुसली. पुसून झाली की आम्हा पोरांना दुरून दाखवायचे. हात लावू द्यायचे नाहीत. आमच्या सबंध खानदानात ही पहिली. हिला ओरखडा आला तर मी काय सांगू त्यांना?" वडील जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.  

मग सोसायटीचं पुनर्बांधणीचं ठरलं. बिल्डर आला, नकाशे आले, सभा झाल्या, दोन जणांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, आणि अखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची तारीख पडली. काका-काकूंना जवळच भाड्याने घर मिळालं, पण तिथे छपराखाली पार्किंग नव्हतं. उन्हापावसात ठेवली तर ती सोनेरी दोन वर्षांत संपणार. काकांची झोप उडाली.

तेवढ्यात एक तरुण आला. आयटीतला, जेमतेम तिशीचा, अतिशय अदबशीर. शहराबाहेर त्याने शेड बांधली होती आणि आपल्या लहानपणच्या गाड्या गोळा करत होता. कुठून तरी त्याला चादरीखालच्या गाडीची बातमी लागली. काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांचं शास्त्र खरं ठरत होतं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. त्या रविवारी मी खास खुर्ची घेऊन खाली गेले. असं नाटक फुकट सोडणाऱ्यांतली मी नव्हे.

तरुणाने खिशातून टॉर्च काढला. तिरपा धरला. दारावर टिचक्या मारल्या. काका त्याच्याकडे असे बघत होते, जणू लेकीला स्थळ पसंत पडलंय.

"काका, अनबिलिव्हेबल! सगळं फॅक्टरीचं आहे."

"सगळं."

त्याने मागचं दार उघडलं. "आणि हा बेल्ट? घडी तशीच आहे. मागे कधी कोणी बसलंच नाही की काय?"

काका छाती पुढे काढून म्हणाले, "शोरूममधून आणली त्यानंतर एकदाही नाही."

तेव्हाच काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो ट्रे, गरम किटलीसकट, बॉनेटवर ठेवला.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. 

"बरोबर सांगताहेत," काकू तरुणाला म्हणाल्या. "एकदाही नाही. मी दर गुरुवारी दोन बस बदलते. साखर किती घालू?"

काकांचा हात ट्रेकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांत काय काय मोडलंय ते ओळखणारा माणूस. त्या क्षणी त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. ते तरुणाला एवढंच म्हणाले, "कळवतो."

बुधवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर जिन्याखाली चार टायर भिंतीला टेकून उभे होते. जुने, कडक झालेले, ओरिजनल.  ज्या माणसाने दुसऱ्या किल्लीचं पाकीट फोडलं नव्हतं त्याने टायर बदलले होते.

गुरुवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून गाडीजवळ उभे. काकू पिशवी घेऊन उतरल्या.

"वाघोलीला निघालीस?"

"मग काय काश्मीरला?"

"बस."

"बस कोपऱ्यावर येते, इथे नाही."

"गाडीत बस म्हणतोय!"

काकू म्हणाल्या, "मी महिन्याचा पास काढलाय." पण बसल्या. पुढे बसल्या. मला आग्रह कोणी केला नाही. मी मागचं दार उघडून स्वतःच प्लास्टिकवर आसनस्थ झाले. रजा मी नंतर फोनवरून टाकली.

तो प्रवास! काका सायकलच्या वेगाने चालवत होते. मागचे हॉर्न वाजवत होते, काका त्यांना आरशातून नमस्कार करत होते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तर ते पार गोंधळले. हे पूल कधी झाले, हे मेट्रोचे खांब कुणी लावले, उजवीकडे वळता येतं की नाही, त्यांना काही कळेना. आपल्याच शहरात ते हरवले होते. वाट काकूंना माहीत होती, पण थांब्यांनी. "आता इथे बस डावीकडची माणसं घेते, म्हणजे तुम्ही उजवीकडे व्हा. आता कंडक्टर ओरडतो, म्हणजे स्वारगेट आलं." पंधरा वर्षांचे गुरुवार त्या त्यांना हाताला धरून दाखवत होत्या. हा इथला उसाचा रस चांगला. इथे एकदा बस बंद पडली, आम्ही सगळ्या बायका चालत गेलो. इथे मला जागा देणारी एक नर्स चढायची, हल्ली दिसत नाही. काका सगळं ऐकत होते. "हो का?" म्हणत होते. "मला कधी बोलली नाहीस."

"घरी तुम्ही खाली पार्किंगात असता."

स्वारगेटच्या पुढे एका रिक्षाने बाजूने घासलं. लांबलचक, करकरीत आवाज झाला. मी डोळे मिटले. काका गाडी कडेला घेऊन उतरले, भर उन्हात टॉर्च लावला आणि वाकून पाहू लागले. रिक्षावालाही उतरला, घाबरून.

"नवीन आहे का हो साहेब?"

"पंधरा वर्षांची आहे."

"मग एवढं काय वाकून बघता राव! मला वाटलं नवीनच."

काका बराच वेळ वाकलेले होते. मग टॉर्च बंद करून सरळ झाले आणि जुन्या अहवालाच्या भाषेत म्हणाले, "इजा किरकोळ. दुरुस्तीची आवश्यकता नाही." आत बसल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "तो रस कुठला म्हणालीस?"

गाडी त्यांनी विकली नाही. त्या दिवशी वाघोलीत मेव्हणीच्या अंगणात त्यांनी स्वतःच्या हाताने प्लास्टिक फाडलं. पुढचं दीड वर्ष ती नव्या जागेच्या बाहेर, उघड्यावर, पिंपळाच्या पानांखाली उभी राहायची आणि रोज कुठे ना कुठे जायची. भाजीला. दवाखान्यात. नुसतीच घाटापर्यंत आणि परत. मीही तेव्हा दुसरीकडे राहायला गेले होते, पण रविवारी दोघं मला घ्यायला यायची. काकू एकदा म्हणाल्या, "घरात समोरासमोर बसलो की भांडण होतं बघ. गाडीत दोघंही पुढे बघतो, मग बोलता येतं." मागच्या सीटवरून मी त्यांच्या दोन डोक्यांच्या मधून रस्ता पाहत असे. तसा रस्ता मला पुन्हा दिसलेला नाही. माझ्या नव्या गाडीची काच केवढी तरी मोठी आहे, तरीही नाही.

काका गेले ते एका सकाळी, चहा पिऊन, कोणालाही तसदी न देता. किल्ली शर्टाच्या खिशात होती.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्या तरुणाचा फोन काकूंना आला. काकांचं कळलं, वाईट वाटलं, आणि गाडी द्यायची असेल तर तो अजून तयार आहे, योग्य जागी नीट राहील. काकूंना गाडी चालवता येत नाही. त्यांनी मला सोबतीला बोलावलं.

तो आला. टॉर्च काढला, पण लावला नाही; लावायची गरजच नव्हती. बाजूचा लांब ओरखडा होता. बॉनेटवर ट्रेच्या पायांच्या चार खुणा होत्या. मागच्या सीटवर मी सांडलेला रस. पुढच्या सीटवर काकूंच्या बसण्याची खोलगट जागा, आणि तिच्याशेजारी काकांची. मीटर त्याने वाकून वाचला, पुन्हा वाचला. सतरा हजारांच्या वर गेला होता. त्याचा चेहरा खरोखर पडला. पोरगा मनाचा चांगला होता. काकू दाराला हात लावून उभ्या होत्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काकू, राग मानू नका," तो हळूच म्हणाला. "पण ॲक्चुअली, तेव्हा ही कलेक्टिबल होती. आता काय, रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीसारखी साधी गाडी झालीये."

"अरे, मग पंधरा वर्षं मी दुसरं काय मागत होते!"